रागाची पाच मिनिटे

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, कावीळ, गॅस्ट्रो, सर्पदंश असे विषय घेतो. त्यामुळे आज बंदुकीवर लिहायला घेतलेले पाहून काही जण म्हणतील, 'डॉक्टर, हे काम पोलिसांचे आणि कोर्टाचे. दवाखान्याचा आणि बंदुकीचा काय संबंध?' शंका रास्त आहे. संबंध एवढाच, की मारामारी झाली, गोळी सुटली किंवा कुणी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेतले, की माणसाला प्रथम दवाखान्यात आणतात. पोलिसांचा पंचनामा आणि कोर्टाची तारीख पुढची गोष्ट. आमच्याकडे आलेल्यांपैकी काही वाचतात, काही वाचत नाहीत. कोण वाचेल हे बऱ्याच वेळा डॉक्टरच्या हाती नसते. रागाच्या क्षणी त्या माणसाच्या हाताला काय लागले होते, त्यावर ते ठरलेले असते.

हा केवळ माझा विचार नाही. मे १९९६ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न असल्याचा ठराव केला. पुढे २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिंसाचार आणि आरोग्य या विषयावर जाडजूड अहवाल काढला. त्यात हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : माणसाने स्वतःवर केलेली हिंसा, एकाने दुसऱ्यावर केलेली हिंसा आणि जमावाने किंवा राष्ट्रांनी केलेली हिंसा. आज आपण पहिल्या दोन प्रकारांविषयी बोलू.

डबक्याचा दृष्टांत

मलेरियाचे उदाहरण घ्या. मलेरिया होतो तो जंतूमुळे. तो जंतू माणसापर्यंत पोहोचवतो डास. डास वाढतो साचलेल्या डबक्यात. आम्ही डॉक्टरांनी फक्त गोळ्या देत बसायचे ठरवले असते, तर मलेरिया कधी आटोक्यात आला नसता. आरोग्य खात्याचे कर्मचारी घरोघर जाऊन रांजण तपासतात, डबकी बुजवतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, ते यासाठीच. तिथे कुणी वाद घालत नाही, की 'दोष जंतूचा आहे, बिचाऱ्या डासाच्या मागे का लागता?'

हिंसाचारातही अशीच साखळी असते. रागावलेला किंवा खचलेला माणूस आहे. इजा करणारी गोळी आहे. ती गोळी पोहोचवणारी बंदूक आहे. भोवताली दारू, बांधाची भांडणे, बेकारी, कर्ज आणि मोठेपणा मिरवण्याची हौस आहे. यातला राग माणसातून काढून टाकता येत नाही. दारू आणि बेकारी हटवायला पिढ्या लागतील. बंदूक मात्र वस्तू आहे. ती कुणाला द्यायची, कुठे ठेवायची, किती दिवसांनी तपासायची, हे ठरवता येते. साखळीची जी कडी आपल्या हाताने तुटते ती आधी तोडावी, हा आरोग्यशास्त्राचा जुना नियम आहे. मोटार अपघात कमी करायला कुणी मोटारींवर बंदी घातली नाही. पट्टा आणला, हेल्मेट आणले, लायसन्सची परीक्षा आणली. बंदुकीच्या बाबतीत मागणी तेवढीच आहे.

अमेरिकेत काय घडते

बंदुकीचा वाद सर्वांत पेटलेला देश अमेरिका. तिथे १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा उल्लेख आहे आणि तो नागरिकाचा वैयक्तिक हक्क असल्याचा निर्णय त्यांच्या सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये दिला. नागरिकांच्या घरांतील बंदुकांची संख्या तिथे माणसांच्या संख्येपेक्षा जास्त आहे. २०१२ साली सँडी हूक येथील शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे, २०२२ साली टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. या बातम्या आपल्याकडेही पहिल्या पानावर येतात आणि आपला समज होतो, की बंदुकीचा प्रश्न म्हणजे माथेफिरूचा प्रश्न.

आकडे निराळे सांगतात. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे दगावली. त्यांत माथेफिरूंच्या सामूहिक गोळीबारात गेलेल्यांचा वाटा फार थोडा. अर्ध्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे होते. म्हणजे घरच्या कर्त्याने, आजारपणाने कंटाळलेल्या आजोबांनी, परीक्षेत नापास झालेल्या किंवा प्रेमभंग झालेल्या पोराने घरातलीच बंदूक स्वतःवर चालवली. २०२० पासून एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचे तिथले पहिले कारण बंदूक हे झाले. मोटार अपघात दुसऱ्या क्रमांकावर गेले.

१९९३ साली आर्थर केलरमन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरात बंदूक आहे त्या घरात खून होण्याचा धोका बंदूक नसलेल्या घराच्या जवळजवळ तिप्पट आढळला. मारणारा बहुतेक वेळा बाहेरचा दरोडेखोर नव्हता, घरातला किंवा अगदी जवळच्या ओळखीतला होता. टीकाकार म्हणाले, की ज्यांना आधीच धोका असतो तेच बंदूक घेतात, त्यामुळे आकडा फुगला. या आक्षेपात तथ्य असू शकते. पण त्याला उत्तर अधिक अभ्यास हेच असायला हवे होते. झाले उलटे. बंदुकांच्या बाजूच्या मंडळींनी दबाव आणला आणि १९९६ मध्ये तिथल्या संसदेने रोगनियंत्रण केंद्राला बजावले, की इजांच्या अभ्यासाचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही. शिवाय २६ लाख डॉलर त्या कामावरून काढून घेतले. शब्द प्रचाराबद्दलचे होते, पण धास्तीने अभ्यासच थंडावला. ज्या खासदारांच्या नावाने ही अट ओळखली जाते ते जे डिकी यांनीच पुढे, २०१२ साली, हे संशोधन व्हायला हवे असे जाहीरपणे लिहिले. सरकारी पैसा पुन्हा मंजूर व्हायला २०१९ साल उजाडले. इतकी वर्षे एवढ्या मोठ्या देशाने आपल्याच घरातल्या रोगाकडे पाठ फिरवली, असे मी म्हणेन.

पाच मिनिटांचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या तरुण माणसांना विचारण्यात आले, की तुम्ही मनाशी ठरवल्यापासून कृती करेपर्यंत किती वेळ गेला? हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जवळपास पाव लोकांनी सांगितले, की पाच मिनिटेसुद्धा गेली नाहीत. एवढा मोठा निर्णय, आणि बस स्टँडवर चहा पिण्याएवढाही वेळ नाही!

दुसरी गोष्ट अशी, की अशा प्रयत्नातून जे वाचतात त्यांच्यापैकी दहांतले नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत. संसार करतात, मुलांची लग्ने करतात, म्हातारे होतात. त्या पाच मिनिटांची लाट ओसरली की माणूस वाचला, असा याचा अर्थ. परंतु बंदूक ही लाट ओसरू देत नाही. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत दहांतील जवळजवळ नऊ जण दगावतात. तिथे पश्चात्तापाला जागा नाही आणि डॉक्टरला वेळ नाही.

भांडणाचेही तसेच आहे. फ्रँकलिन झिमरिंग या अभ्यासकाने १९६८ साली शिकागोमधील हल्ल्यांचा अभ्यास मांडला. चाकूच्या हल्ल्यापेक्षा बंदुकीचा हल्ला सुमारे पाचपट जीवघेणा ठरला होता. हल्ला करणाऱ्यांच्या मनात मात्र फारसा फरक दिसत नव्हता. दोन्हीकडे तीच दारू, तीच बाचाबाची, तोच क्षणाचा संताप. हातात काय होते, त्यावरून एकाच्या नावावर मारहाण लागली आणि दुसऱ्याच्या नावावर खून.

आणि हे इस्रायलचे उदाहरण पाहा. तिथे तरुणांना सक्तीने लष्करात जावे लागते. आठवड्याच्या सुटीला घरी जाताना सैनिक रायफल बरोबर नेत. घरी गेल्यावर होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण चिंताजनक होते. २००६ साली लष्कराने नियम केला, की सुटीला जाताना रायफल तळावरच ठेवायची. सैनिक तेच, रायफल तीच, ताण तोच. फक्त दोन दिवस हत्यार लांब राहिले. सैनिकांच्या आत्महत्या चाळीस टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली होती.

ज्यांनी निर्णय घेतला

अमेरिकेत संशोधनाचा पैसा अडला त्याच १९९६ साली दोन देशांनी वेगळी वाट धरली. मार्चमध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका इसमाने १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घातल्या. त्याच्याकडची पिस्तुले परवान्याची होती. जनतेने सह्यांची मोहीम उघडली आणि १९९७ मध्ये ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली.

त्यानंतर दीड महिन्याने, २८ एप्रिल १९९६ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर या पर्यटनस्थळी एकट्या बंदूकधाऱ्याने ३५ माणसे मारली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड नुकतेच निवडून आले होते. ते परंपरावादी पक्षाचे, आणि बंदुका बाळगणारा शेतकरी हा त्यांच्याच आघाडीचा मतदार. तरीही बारा दिवसांत त्यांनी सर्व राज्यांना एका कराराला आणले. जूनमध्ये विरोधकांच्या सभेत ते भाषणाला उभे राहिले, तेव्हा कोटाखाली चिलखती बनियन असल्याचे लोकांना दिसत होते. आपल्याच मतदारांसमोर असे उभे राहायला छाती लागते.

करारात काय होते? आपोआप भरणाऱ्या रायफली आणि तशाच जलद बार काढणाऱ्या बंदुका सामान्य नागरिकाला बंद. प्रत्येक हत्याराची नोंदणी. खरेदीपूर्वी २८ दिवस थांबणे. हत्यार कुलूपबंद ठेवणे. आणि परवान्यासाठी खरे कारण दाखवणे. 'स्वसंरक्षण' हे कारण चालणार नाही. बंद केलेल्या बंदुका सरकारने पैसे देऊन परत घेतल्या. सुमारे साडेसहा लाख हत्यारे गोळा होऊन वितळवली गेली. हा पैसा उभा केला तो आरोग्यसेवेसाठीच्या करात एका वर्षापुरती थोडी वाढ करून. बंदुकीचा खर्च आरोग्याच्या खात्यावर टाकला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

परिणाम काय झाला? १९९६ पर्यंतच्या अठरा वर्षांत तिथे पाच किंवा अधिक माणसे मारली गेल्याचे तेरा गोळीबार झाले होते. त्यानंतर २०१८ पर्यंत एवढा मोठा एकही झाला नाही. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या आणि खून आधीपासूनच कमी होत होते. कायद्यानंतर आत्महत्यांची घट अधिक वेगाने झाली. यातले श्रेय कायद्याला किती, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. कायदा म्हणजे जादूचा गंडा नव्हे, हेही खरे. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर ज्यू लोकांच्या सणाच्या मेळाव्यावर भीषण गोळीबार झाला आणि नियम पुन्हा तपासायची वेळ आली. लस दिलेल्या गावातही एखाद्याला गोवर होतो. म्हणून कुणी लस बंद करत नाही, राहिलेली फट शोधतात.

नेहमीचे तीन आक्षेप

पहिला आक्षेप : बंदूक मारत नाही, माणूस मारतो. मान्य. पण माणूस ज्याने मारतो ती वस्तू जितकी जहाल, तितका मरणारा लवकर मरतो. काठीने डोके फुटलेला माणूस टाके घालून दुसऱ्या दिवशी घरी जातो.

दुसरा आक्षेप : एक दार बंद केले तर माणूस दुसरे शोधेल. असे नेहमी होत नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी घरोघर कोळशापासून केलेला विषारी गॅस येत असे आणि आत्महत्यांपैकी मोठा वाटा त्याचा होता. १९६० आणि ७० च्या दशकांत तो गॅस हळूहळू बदलून बिनविषारी झाला. देशातल्या एकूण आत्महत्याच सुमारे एक तृतीयांशाने उतरल्या. दुसरी दारे उघडी होती, तरी बहुतेक लोक तिकडे गेले नाहीत.

तिसरा आक्षेप : गुंडांकडे बेकायदा कट्टे असतात, मग सज्जनाच्या परवान्याला का छळता? आपल्याकडे बंदुकीच्या बहुतेक गुन्ह्यांत हत्यार बेकायदा असते हे खरे आहे. त्यासाठी पोलिसांनी कट्टे तयार करणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या मागे लागलेच पाहिजे. परंतु घरातली आत्महत्या, पोराच्या हातून चुकून सुटलेली गोळी आणि भावाभावांतला बार यांना कट्टा लागत नाही. कपाटातले परवान्याचे रिव्हॉल्वर पुरते.

आपल्याकडचा परवाना

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. परवाना जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलिस आयुक्त. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे बाळगता येतात. लग्नात, मिरवणुकीत आनंदाच्या भरात हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हे चांगले झाले. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. हे मला पटत नाही. पाच वर्षांत माणसाच्या आयुष्यात काय घडत नाही? धंदा बुडतो, दारू लागते, बायको जाते, भावाशी वाटणीचा दावा उभा राहतो. ज्या दिवशी परवाना दिला त्या दिवशीचा माणूस आणि चौथ्या वर्षीचा माणूस एक असतीलच असे नाही.

आपल्या महाराष्ट्रात परवान्याला आणखी एक रोग जडला आहे, प्रतिष्ठेचा. कमरेला रिव्हॉल्वर दिसले की माणूस मोठा, अशी समजूत आहे. वाढदिवसाच्या फलकावर, मोबाइलवरच्या फोटोत हत्यार मिरवले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला, तेही पोलिस ठाण्यात, गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून तेव्हाच्या एका आमदाराला अटक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा विषय राज्यभर गाजला, फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. फेरतपासणीसाठी आधी राज्यभर गाजावाजा व्हावा लागतो, हीच आपली अडचण आहे.

यात आम्हा डॉक्टरांचाही हात लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याच्या अर्जाला शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. असे दाखले मागायला लोक माझ्याकडेही येतात. बहुतेकांची अपेक्षा असते, की डॉक्टरांनी नाडी पाहावी, छातीला नळी लावावी आणि सही-शिक्का द्यावा. मी त्यांना विचारतो : दारू किती घेता? झोप कशी आहे? घरात कुणाशी बोलणे बंद आहे का? याआधी कधी जीव नकोसा झाला होता का? आणि शेवटी सांगतो, की पुढच्या वेळी वहिनींना बरोबर घेऊन या. काही जण रागावून उठतात. ज्याला एवढ्या प्रश्नांवर राग आवरत नाही, त्याचे उत्तर मला मिळालेले असते. माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे, की हा दाखला रजेच्या दाखल्यासारखा देऊ नका. कॅनडात परवाना मागणाऱ्याच्या जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते. आपल्याकडेही निदान नूतनीकरणाच्या वेळी घरच्या बाईला एकांतात विचारले जावे. नवऱ्याच्या हाती बंदूक किती सुरक्षित आहे हे तिच्याइतके कलेक्टर कचेरीला कसे कळणार?

आपल्या घरातली बंदूक

आता अनेक वाचक म्हणतील, 'आमच्याकडे बंदूकही नाही आणि परवानाही नाही.' खरे आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये गोळी लागलेले पेशंट बोटांवर मोजण्याइतके आले. पण 'औषध प्यालेले' किती आले, त्याची मोजदाद नाही. आपल्या भाषेतच पाहा ना. फवारणीच्या विषाला आपण औषध म्हणतो आणि ते घरातच ठेवतो : माळ्यावर, गोठ्यात, कधी चुलीमागच्या कोनाड्यात. अमेरिकन घरात कपाटातली बंदूक जे काम करते, तेच काम आपल्या घरात ही बाटली करते. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत महाराष्ट्राच्या २२,७४६, सर्व राज्यांत सर्वाधिक. देशातील सुमारे पाव आत्महत्या विषाने झालेल्या. सगळ्याच मार्गांना आडकाठी घालता येत नाही, हे मी जाणतो. या पाव भागाला मात्र नक्की घालता येते.

शेजारच्या श्रीलंकेने ते करून दाखवले. १९९५ च्या सुमारास आत्महत्येचे प्रमाण तिथे जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली. २००५ पर्यंत प्रमाण निम्म्यावर आले, पुढे आणखी उतरले. १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत सुमारे ९३ हजार जीव वाचले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पिकांचे उत्पन्नही घटल्याचे दिसले नाही. कर्ज, दुःख, भांडणे श्रीलंकेतही संपली नव्हती. हाताला लागणारे विष मवाळ झाले आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत माणूस टिकू लागला.

त्याच देशातून आलेला एक धडा कमी लोकांना माहीत आहे. तिथे १८० गावांत प्रयोग झाला. अर्ध्या गावांतील घरांना विषाच्या बाटल्या ठेवायला कुलुपाच्या पेट्या दिल्या. २०१७ साली निष्कर्ष आला : पेट्यांनी फरक पडला नाही. घरातली पेटी, किल्लीही घरातच, मग अडणार कोण? म्हणून कुलूप लावले की झाले, असे समजू नका. विष घरापासून लांब हवे आणि मुळात बाजारात जहाल विषच नको. तमिळनाडूतील काही गावांत सर्वांची कीटकनाशके एका सामाईक जागी ठेवून पाहिली गेली. प्रयोग छोटा होता, पण परिणाम आशादायक दिसला. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या गावात सोसायटीचे गोदाम आहे. तिथे एक खोली आणि एक वही एवढेच लागेल.

भांडण पेटण्याआधी

हत्यार लांब ठेवणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे भांडण विझवण्याचे. गॅरी स्लटकिन हे अमेरिकन डॉक्टर आफ्रिकेत क्षय, कॉलरा, एड्सच्या साथींवर काम करून मायदेशी परतले. शिकागोतील खुनांचे नकाशे पाहिल्यावर त्यांना ते साथीच्या नकाशांसारखे वाटले : एका खुनातून बदला, बदल्यातून दुसरा खून. २००० साली त्यांनी वस्तीतलीच, पोरांचा विश्वास असलेली माणसे नेमून भांडणात मध्ये पडायला लावली. निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत, पण काही वस्त्यांत गोळीबार ठळकपणे कमी झाले.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगावी तंटामुक्ती समित्या बसल्या. बांधाचे, वाटणीचे, सासर-माहेरचे तंटे पारावर मिटले. अनेक ठिकाणी पुढे समिती कागदावरच उरली आणि कमानीवरची पाटी तेवढी राहिली. ही समिती जागी करणे म्हणजे माझ्या दृष्टीने गावाला लस टोचण्यासारखे आहे.

एवढे कराच

१. घरात परवान्याचे हत्यार असेल तर काडतुसे काढून ठेवा, हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत, किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे.

२. घरात कुणी खचले असेल, दारू वाढली असेल, वाटणीचा वाद पेटला असेल, तर पोलिस ठाण्यात चौकशी करून हत्यार रीतसर जमा करा. निवडणुकीत जमा करायला कमीपणा वाटत नाही, मग घरच्यांसाठी का वाटावा?

३. लग्नात, वरातीत कुणी हवेत बार काढत असेल तर यजमानाने जागेवर थांबवावे. वर गेलेली गोळी खाली येतेच.

४. फवारणीचे औषध लागेल तेवढेच आणा. उरलेले घरात आणू नका, रिकामी बाटली घरात वापरू नका. चारपाच शेतकऱ्यांनी मिळून वस्तीपासून लांब, कुलपाची सामाईक जागा करा.

५. मन खचलेल्या माणसाला एकटे सोडू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरात दिसेल असा लिहून ठेवा.

६. विष पोटात गेल्याचा संशय आला की मिठाचे पाणी, शेणाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. बाटलीसकट तडक दवाखाना गाठा. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा.

मोठे कायदे मुंबई-दिल्लीत होतील तेव्हा होतील. त्यासाठी आपण आमदार-खासदारांना विचारत राहिले पाहिजे. तोवर आपल्या घरातली पाच मिनिटे आपल्याच ताब्यात आहेत. आज हा अंक खाली ठेवला, की एकदा घरात फिरून पाहा. रागाच्या किंवा दुःखाच्या भरात हाताला लागेल असे काय कुठे ठेवले आहे? ते आजच्या आज लांब न्या.